मुठीखालचं कुंकू

जपानी तलवारीचा आतला गंज कधी घासून काढायचा नसतो, हे मला कळलं तेव्हा मी पन्नाशीला आले होते. आणि मी तो घासून काढला होता त्याला बावीस वर्षं होऊन गेली होती. चिंच, मीठ आणि नारळाचा काथ्या घेऊन, चांगला पदर खोचून घासला होता.

सुरुवातीपासून सांगते. सेम्बावांगचे काका आमचे नात्याचे कुणी नाहीत. माझा नवरा मरीन इंजिनिअर म्हणून सिंगापूरला आला तेव्हा जहाजदुरुस्तीच्या यार्डात काका त्याचे वरिष्ठ होते. मी लग्न होऊन आले ती आधी त्यांच्याच फ्लॅटमध्ये उतरले. काकूंनी माझ्याकडून माप ओलांडून घेतलं, तांदळाऐवजी ओट्सचा डबा ठेवून, कारण तांदूळ नेमके संपले होते. तेव्हापासून काका मला सूनबाई म्हणतात. माणूस भारी चेष्टेखोर. माझ्या पहिल्या पोळ्या बघून त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "हे कुठल्या देशाचे नकाशे म्हणायचे?"

त्यांच्या घरी देवघराच्या वर, भिंतीवर एक जपानी तलवार होती. काकांचे वडील साताऱ्याकडचे, मराठा पलटणीतले शिपाई. युद्ध संपलं तेव्हा त्यांची तुकडी इकडे मलायात होती. हरलेले जपानी अधिकारी रांगेनं येत आणि आपल्या तलवारी एका ढिगावर टाकत. काकांचे वडील ढिगाशेजारी उभे. एका अधिकाऱ्यानं मात्र तलवार ढिगावर टाकली नाही. ती दोन्ही हातांवर आडवी धरून यांच्यापुढे केली, मुठीवर बोटानं दोनदा टकटक केलं, काहीतरी बोलला आणि मान खाली घालून निघून गेला. तो काय म्हणाला ते वडिलांना कळलं नाही. त्यांना वाटलं, मुठीला धरा म्हणत असेल.

वरिष्ठांनी ती तलवार त्यांना ठेवू दिली. गावी घेऊन आल्यावर त्यांनी घरच्यांना बजावलं, ही लूट नाही, ही ठेव आहे. ज्याची त्याला परत द्यायची. मरताना काकांचा हात धरूनही हेच सांगितलं. काकांनी पुढे रीतसर परवाने काढून ती इथे आणली, कारण इथे जपानी माणसं येतात जातात, कुणीतरी ओळखेल अशी त्यांना आशा होती. पात्याचे फोटो कितीजणांना दाखवले. पात्यावर काही खूण नव्हती, त्यामुळे कुणाला काही सांगता आलं नाही. मग दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत तिलाही पाटावर मांडायचं, म्यानावर झेंडूचं फूल ठेवायचं आणि मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या माणसाची माफी मागायची, असा काकांचा शिरस्ता झाला.

माझ्या पहिल्या खंडेनवमीला मूठ खिळखिळी झालेली काकांच्या लक्षात आली. त्यांच्यातला इंजिनिअर गप्प बसणार थोडाच! मुठीतून आरपार गेलेली बांबूची खुंटी कुजली होती. त्यांनी ती ठोकून काढली, मूठ उतरवली आणि नवी खुंटी तासायला खाण्याची एक चॉपस्टिक घेऊन गॅलरीत जाऊन बसले. जाताना मला म्हणाले, "सूनबाई, तेवढं आतल्या लोखंडाला नुसतं तेलाचं बोट लाव."

नुसतं तेलाचं बोट! माझ्या माहेरी खंडेनवमी म्हणजे विळीपासून स्क्रूड्रायव्हरपर्यंत सगळं लखलखीत व्हायचं. गेल्या वर्षीचं कुंकू अंगावर घेऊन एखादी पक्कड पाटावर बसली असती, तर आईनं मला घराबाहेर काढलं असतं. मी बघितलं, मुठीत लपलेलं ते वीतभर लोखंड काळंतपकिरी पडलेलं, आणि त्यावर मधोमध लाल काहीतरी चिकटलेलं. मी मनाशी म्हटलं, बघा, जुनं कुंकू सुद्धा पुसलं नाही यांनी. आणि नव्या सुनेच्या उत्साहानं सिंककडे गेले.

वीस मिनिटं घासत होते. लाल आधी सुटलं, पापुद्रे धरून, मग त्याच्याखालचा गंज. काकू पुरणाचा घास भरवत म्हणाल्या, "काय उरक आहे गं पोरीला!" काका गॅलरीतून आले आणि पाहतच राहिले. इतकं चकचकीत लोखंड त्यांनी यार्डातही क्वचित पाहिलं असेल. त्यांनी त्यावर ग्रीसचा हात फिरवला, मूठ चढवली, नवी खुंटी ठोकली. पुढे कितीतरी दसऱ्यांना येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ही कर्तबगारी ऐकवली जायची. मीही लाजल्यासारखं करून ऐकून घ्यायचे.

आता यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगते. मला तेव्हा जपानी येत होतं. पुण्यात मी जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. त्याच बळावर पुढे इथल्या एका कंपनीत भाषांतराची नोकरी मिळाली, आणि पंप, व्हॉल्व्ह, गॅस्केट यांची कागदपत्रं मराठी डोक्यानं जपानीतून इंग्रजीत करण्यात माझी वीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका ओळखीनं मला चोआ चू कांगला एका चिनी अंकलकडे नेलं. जुन्या तलवारी हा त्यांचा आयुष्यभराचा नाद. त्यांना जपानी बोलता येतं, पण जुनी अक्षरं वाचताना डोळे दगा देतात, म्हणून वाचणारं कुणीतरी हवं होतं. मी शनिवारी दुपारी जायला लागले. तिथे मला कळलं की या तलवारींचा खरा जन्मदाखला मुठीच्या आत असतो. मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या त्या बुडावर घडवणाऱ्यानं छिन्नीनं आपलं नाव, गाव कोरलेलं असतं. कधी काही नसतं. कानशीचे आडवेतिरपे ओरखडेसुद्धा सांगतात की हा हात कुठल्या भागातला. आणि गंज? गंजाचा रंग हे तर तलवारीचं वय. अंकलचा पहिला धडा तोच होता. माझ्या हातात पहिलं बूड देताना ते म्हणाले, "नो टच द रस्ट, हां. रस्ट गॉन, स्टोरी गॉन."

मी मनात जीभ चावली. पण खरं सांगते, तेवढी घाबरले नाही. गंज गेला तर गेला, कोरलेली अक्षरं चिंचेनं थोडीच जातात, असा हिशेब केला. उलट मला आनंदच झाला. काकांची तलवार वाचायची जागा सापडली होती! ताबडतोब फोन केला, "काका, नाव मुठीच्या आत असतं. बाहेर शोधत बसलो आपण इतकी वर्षं."

काकूंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि काकांचं पुण्याला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं होतं. फ्लॅट विकायला काढला होता. काका म्हणाले, "मुठीच्या आत? म्हणजे तो टकटक करून हेच सांगत होता की काय गं?" मग म्हणाले, "सूनबाई, एवढं एक काम कर माझं. ही तलवार बरोबर घेऊन मला परत जायचं नाही. बाबांना काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, काळजीच करू नका. अंकल कुठल्याशा सहलीला निघाले होते, ते आले की त्यांना घेऊनच येते. पुढच्या रविवारचं नक्की केलं. छातीठोकपणे सांगितलं, जसं काही नाव माझ्या पर्समध्येच आहे.

त्या रविवारच्या आदल्या शनिवारी अंकलच्या टेबलावर कुणाचीतरी युद्धकाळातली तलवार होती. त्यांनी खुंटी काढली, तलवार धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताचा हलका ठोसा मारला, बूड सैल झालं. तपकिरी गंज. आणि त्या गंजावर मधोमध लाल काहीतरी.

"धिस वन वेरी गुड," अंकल म्हणाले. "रीड, रीड."

लाल रंगात, कुंचल्यानं, वरून खाली लिहिलेली चार अक्षरं होती. वरची दोन आडनावाची, खालची दोन नावाची. अंकल सांगत होते, घडवणाऱ्याचं नाव छिन्नीचं, पण काही शिपाई आपलं स्वतःचं नाव असं रंगानं लिहून ठेवत, तलवार कधी हातची गेली तर घरी पोचावी म्हणून. त्यांच्या ओळखीतल्या एकानं अशाच नावावरून एक तलवार त्या घरच्या लेकीपर्यंत पोचवली होती. अंकल बोलत होते आणि मला काही ऐकू येईनासं झालं होतं. माझी बोटं बघत होते मी. त्या बोटांना काथ्या आठवत होता.

कर्म माझं! कुंकू नव्हतं ते!

आणि मूठ तर त्या घरात त्याआधी कधी उघडलीच नव्हती. मग आत कुंकू लावलं कुणी? एवढा साधा प्रश्न मला पडू नये? बी.एस्सी. झालेली बाई मी! हातात धरलेलं जपानी मला वाचता येत होतं आणि मी ते वाचलं नाही. घासलं. अंकलनी विचारलं, पाणी हवंय का. मी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते मलाच ठाऊक नाही. बुकित पंजांगला घरी येताना एलआरटीत, म्हणजे आमच्याकडच्या गोल फिरणाऱ्या लहान रेल्वेत, माझा स्टॉप चुकला आणि पूर्ण एक चक्कर मारून आले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काकांना आधीच फोन करून टाक." मी फोन हातात घेतला आणि ठेवला, असं चारदा झालं. शेवटी स्वतःला पटवलं की कदाचित खाली छिन्नीचंही नाव असेल. कदाचित लाल ठसा थोडा उरला असेल. भित्र्या माणसाला ‘कदाचित’ हा शब्द फार उपयोगी पडतो.

रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. घरात निम्मी खोकी बांधलेली. पाटावर पांढरा पंचा, त्यावर तलवार, शेजारी वडिलांचा फोटो. अंकलनी कमरेत वाकून तलवारीला नमस्कार केला, ते बघूनच काकांचे डोळे भरले. अंकलनी छोट्या हातोडीनं चॉपस्टिकची खुंटी काढली, मूठ उतरवली, कपड्यानं ग्रीस पुसलं.

आतून, घासलेल्या समईसारखं लख्ख लोखंड बाहेर आलं.

अंकलचा हात तिथेच थांबला. तोवर मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "अय्यो! हू डू धिस? हू वॉश धिस?"

काकांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांची छाती फुगली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शी! माय डॉटर-इन-लॉ! ट्वेंटी टू इयर्स, स्टिल शायनिंग. फर्स्ट क्लास की नाही?"

मला त्या क्षणी मेले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. अंकलनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, त्यापेक्षा वाईट होतं, त्यांना विश्वासच बसत नव्हता. मग त्यांनी टॉर्च लावला, भिंग घेतलं, बूड या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहिले. छिन्नीची एक रेघ नव्हती. लाल ठिपका नव्हता. भिंग खाली ठेवून ते मला हळूच म्हणाले, "यू टेल हिम. नॉट मी."

मी काकांच्या समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. लाल रंगाचं, शिपायांच्या नावाचं, चिंचेचं. "काका, नाव होतं. मी पुसलं. मला वाचता येत होतं आणि मी पुसलं." असं सरळ एका दमात. रडत नव्हते, रडू आलंच नाही.

काकांनी सुटी झालेली रिकामी मूठ हातात घेतली आणि तिच्यावर बोटानं दोनदा टकटक केलं. जसं त्यांच्या वडिलांनी त्यांना करून दाखवलं असणार तसं. मग पुन्हा दोनदा. शेवटी उठून आत गेले आणि आमच्यासाठी चहा टाकला. अंकलना साखर चालते का तेवढं विचारलं. मला काहीच विचारलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी चेष्टा न करता मला चहा दिला, असं ते पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर दोन दिवस मी घरात भुतासारखी फिरत होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मेट्रोत समोरची बाई फोनवर स्वतःचे फोटो काढत होती. ते बघताना मला अचानक आठवलं. कॅमेरा! नवऱ्यानं त्या वर्षी रोलचा नवा कॅमेरा घेतला होता आणि माझ्या परदेशातल्या पहिल्या खंडेनवमीचे फोटो काढत तो दिवसभर माझ्या मागे फिरला होता. सिंकशी उभी असतानाही त्यानं हाक मारली होती, "इकडे बघ!" मी तलवार छातीशी धरून वळले होते. घासायच्या आधी. आधी! तो फोटो मी आईला पाठवला होता, लेक परदेशात सुद्धा सणवार करते हे शेजारणींना दाखवायला.

मी पुढच्याच स्टेशनवर उतरले आणि पुण्याला भावाला फोन लावला. तिकडे भल्या पहाटेची वेळ होती, बिचारा घाबरून उठला. "आईचे अल्बम काढ," मी ओरडले. "सगळे काढ. हिरव्या साडीतला, तलवारवाला." प्लॅटफॉर्मवरची माणसं वळून बघायला लागली. तलवार हा शब्द हिंदीतही तोच असल्यामुळे दोनचार जण जरा लांबही सरकले.

संध्याकाळी फोटो आला, पण मी उघडला नाही. तसाच घेऊन सेम्बावांगला गेले. म्हटलं, जे काय असेल ते काकांसमोर. त्यांनी दार उघडलं, मी त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि फोन दोघांच्या मध्ये धरून फोटो उघडला.

अठ्ठावीस वर्षांची मी. हिरवी साडी, खोचलेला पदर, कपाळावर हे एवढं कुंकू, आणि सगळं जग जिंकल्यासारखं हसू. एका हातात पंच्यात गुंडाळलेलं पातं, दुसऱ्या हातात ते बूड, कॅमेऱ्याकडे वळवलेलं. तपकिरी गंजावर लाल अक्षरं होती. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. खालची दोन अक्षरं इतकी स्पष्ट, की कोणालाही वाचता यावीत. मी ती मोठ्यानं वाचली. अगदी साधं नाव होतं, त्या पिढीत घरोघरी असेल असं. काका ते नाव माझ्या मागून दोनदा पुटपुटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला त्यांनी नावानं हाक मारली.

"आणि आडनाव?" त्यांनी विचारलं.

आडनाव वरच्या दोन अक्षरांत होतं. वरच्या दोन अक्षरांवर माझा अंगठा होता. हळकुंडासारखा जाडजूड, मेंदी लावलेला, पक्का दाबून धरलेला माझा अंगठा. त्याच्या कडेनं लाल रंगाची एक शेपटी बाहेर आली होती, ती कुठल्याही अक्षराची असू शकेल. फोटो आणखी मोठा केला, तर नुसते चौकोन चौकोन दिसायला लागले.

मी काकांकडे बघायला धजत नव्हते.

काका पुढे वाकले. चष्मा वर सरकवून त्यांनी फोटोतल्या माझ्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं आणि अगदी मायेनं, जशी पोळ्यांची चेष्टा करायचे त्या आवाजात तिला म्हणाले, "सूनबाई, अंगठा जरा बाजूला घे की गं."

तेव्हा मला रडू फुटलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ते पुण्याला गेले. तलवार नेली नाही. परवान्याचे कागद माझ्या नावावर करून दिले आणि म्हणाले, "बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. तुला निम्मं नाव तरी ठाऊक आहे. आता ही ठेव तुझ्याकडे." अंकल जपानमधल्या ओळखीच्या लोकांना तो फोटो पाठवत असतात. अजून कुणाकडून काही आलेलं नाही. दर फोटोबरोबर माझा अंगठाही जातो.

यंदा खंडेनवमीला मी तलवार पाटावर मांडली. मूठ उघडली नाही. झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती लावली, त्या माणसाचं निम्मं नाव घेऊन नमस्कार केला. विळीला, स्क्रूड्रायव्हरला, लेकीच्या लॅपटॉपला कुंकू लावलं. तलवारीपाशी आले आणि करंडा खाली ठेवला.

लेक बघत होती. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, धिस वन नो कुंकू? यू फरगॉट लाह."

"नाही गं," मी म्हटलं. "विसरले नाही."